अप्पांच्या उजव्या पायाची टंचाई

सर्व संबंधितांस, विशेषतः घरातील डाव्या पायास, कळविण्यात येते की, आमच्या अप्पांचा उजवा पाय, गुडघ्यापासून खाली अंगठ्यापर्यंत, आजपासून टंचाईग्रस्त घोषित करण्यात येत आहे. सदर पायास होणारा रक्तपुरवठा समाधानकारक नसून परिस्थिती गंभीर आहे. तरी कोणीही सदर पायावर पाय देऊ नये, त्यास अनवाणी उन्हात नेऊ नये, व सदर पायासमोर बिडी ओढू नये. हुकमावरून.

ही अधिसूचना मी काढली होती. तेव्हा मी एकोणीस वर्षांची, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, आणि स्वतःला लई हुशार समजणारी. अंगणातल्या बाजेवर उभी राहून, छाती पुढं काढून, मी ती वाचून दाखवली. आई हसून हसून खाली बसली. अप्पांनी मात्र चष्मा लावला, कागद हातात घेतला, दोनदा वाचला आणि म्हणाले, "‘सदर’ तीनदा आलंय. आणि जावक क्रमांक कुठंय?"

अप्पा म्हणजे माझे वडील. कलेक्टर कचेरीत बारनिशीला अव्वल कारकून होते. बारनिशी म्हणजे जिथं जिल्ह्यातला प्रत्येक कागद येतो आणि जिथून प्रत्येक कागद जातो. आवक, जावक. त्या दोन शब्दांवर अप्पांची नोकरी उभी होती, आणि खरं सांगायचं तर स्वभावही. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, आणि अप्पा नांदेडहून बदली मागून घेऊन आले होते. लोक चांगल्या खुर्चीसाठी बदली मागतात. अप्पांनी मागितली कारण नव्या जिल्ह्यात सगळी रजिस्टरं कोरी असणार होती. आवक क्रमांक एकपासून सुरू करायचं भाग्य कितीजणांना मिळतं, असं ते विचारायचे, आणि आम्ही मायलेकी एकमेकींकडं बघायचो.

गाव तर नव्या नवरीसारखं तोऱ्यात होतं. कालपर्यंत तालुका होता, आज जिल्हा. कचेऱ्या मिळतील त्या इमारतींत घुसल्या होत्या आणि पाट्या रंगवणारा पेंटर गावातला सगळ्यात मोठा माणूस झाला होता. जिल्हा अमुक कार्यालय, जिल्हा तमुक अधिकारी. दुकानदारांनाही हाव सुटली. आमच्या वाटेवर ‘जिल्हा केश कर्तनालय’ होतं आणि त्याच्या शेजारी ‘जिल्हा पंक्चर’. फक्त पाणी तेवढं तालुक्याचंच राहिलं होतं. दोन वर्षं पाऊस नीट झालेला नव्हता आणि नळ आठ दिवसांतून एकदा, तोही खोकत खोकत यायचा.

तर अप्पा घरून कचेरीत चालत जायचे आणि वाटेत पाट्या वाचायचे. नुसत्या वाचायचे नाहीत. थांबून, मान वर करून, खाली पेंटरनं कोपऱ्यात टाकलेल्या सहीपर्यंत वाचायचे. आम्हाला वाटायचं, माणसाला नव्या जिल्ह्याचा अभिमान आहे. पण ‘जिल्हा पंक्चर’ ही पाटी माणूस रोज तीन-तीन मिनिटं वाचतो, ह्याला अभिमान तरी कसा म्हणायचा? आईला वेगळाच संशय होता.

"बिडीसाठी थांबून राहिले ते," आई म्हणाली. आई हदगावकडची, तिची बोली तिनं लातुरात येऊनही सोडली नव्हती. "तू जाय मागं मागं. बघून ये."

मी गेले. अप्पा केश कर्तनालयापर्यंत ताठ चालले. मग थांबले. पाटीकडं मान वर, आणि खाली उजवा पाय बगळ्यासारखा उचललेला. हातानं पोटरी दाबत होते. ओठ घट्ट. तीन मिनिटांनी पाय टेकवला, आणि जणू काही झालंच नाही असे पुढं निघाले. पंक्चरपर्यंत. पुन्हा बगळा. आणि हो, बिडीही होती. आईचा संशय आणि माझा शोध, दोन्ही खरे निघाले.

दवाखान्यात डॉक्टरांनी अप्पांना आडवं केलं, दोन्ही पावलांवर वरच्या बाजूनं दोन-दोन बोटं ठेवली आणि डोळे मिटले. डाव्या पायावर त्यांची मान हलली. उजव्यावर हलेना. त्यांनी बोटं सरकवली, घोट्यामागं बघितलं, गुडघ्यामागं बघितलं, पुन्हा पावलावर आले. 

"डाव्याची नस लागते. उजव्याची लागत नाही," ते म्हणाले. "हात लावून बघा, थंडगार आहे. चाललं की पोटरीत गोळा येतो, थांबलं की जातो. बरोबर?"

"बरोबर," अप्पा म्हणाले.

"रक्ताची नळी आतून धरलीय. नळाच्या पाइपात क्षार धरतो तशी. बिडी किती?"

"दोन बंडलं," आई म्हणाली. डॉक्टरांनी तिला विचारलंच नव्हतं.

"मग एकच गोष्ट ठरवा. बिडी ठेवायची की पाय ठेवायचा. दोन्ही ठेवता येणार नाहीत."

अप्पा हसायला गेले, पण डॉक्टर हसत नव्हते. मग त्यांनी यादी सांगितली. जेवणानंतर एक बारीक गोळी. पाय रोज कोमट पाण्यानं धुवायचे, बोटांच्या बेचक्यांत कोरडे करायचे, कुठं भेग किंवा फोड दिसला तर त्याच दिवशी यायचं. अनवाणी बिलकूल नाही. आणि चालायचं.

"चाललं की तर दुखतं, साहेब."

"म्हणूनच चालायचं. चांगलं दुखेपर्यंत चाला. दुखलं की थांबा. कळ गेली की परत चाला. रोज अर्धा-पाऊण तास." डॉक्टरांना अप्पांचा चेहरा दिसला असावा, कारण त्यांनी आवाज चढवला. "अहो, मोठी नळी बंद असली म्हणून काय झालं? पायाला रक्ताची गरज लागली की बाजूच्या बारीक नसा रुंद होतात. पायाला हेच औषध. रोज चाललात की आपोआप बाजूनं झरे फुटतील! तीन महिने करा. नाही फरक पडला तर नांदेडच्या मोठ्या डॉक्टरांकडं पाठवतो. मग ते ठरवतील, पायाचं काय करायचं."

‘काय करायचं’ ह्याचा अर्थ कुणी विचारला नाही. आम्हाला तिघांनाही कळला होता.

आता जरा पडद्यापलीकडं चला. त्या खोलीत मधोमध एक हिरवा पडदा होता आणि पलीकडच्या बाकावर एक शेतकरी बसले होते. आमच्या घरापुढून मुरुडच्या बाजूला जो रस्ता जातो, त्याच्या डाव्या हाताला त्यांचं शेत. विहीर कोरडी पडलेली. गावात मान मोठा, आवाज त्याहून मोठा, कारण त्यांना ऐकू कमी यायचं. त्या दिवशी ते कानासाठीच आले होते, आणि अप्पांना आत येताना त्यांनी बघितलं होतं. एका कानात कंपाउंडरनं औषध घालून वर कापूस कोंबला होता. दुसरा कान तसाही अर्धाच चालायचा. त्या अर्ध्या कानातून आत काय गेलं, ते आम्हाला महिनाभरानं कळलं. ‘पायाला हेच औषध’ ह्यातलं ‘पायाला’ आत जाताना ‘पायाळू’ झालं. आणि पुढचं वाक्य मात्र सबंध, स्वच्छ, डॉक्टरी शिक्क्यानिशी पोचलं: चाललात की आपोआप बाजूनं झरे फुटतील.

पायाळू म्हणजे पायाकडून जन्मलेलं माणूस. आमच्या भागात पक्की समजूत आहे की पायाळूला जमिनीखालचं पाणी पावलाला कळतं. आणि हे साल असं, की माणसं पाण्यासाठी खडकालाही कान लावत होती. ज्यांना कान होते ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आमची मिरवणूक निघाली. अप्पांच्या पायांत नवे कॅनव्हासचे बूट, मोजे, अंगात कचेरीचा सदरा, कारण चालणं हे सरकारी काम असल्यासारखंच ते करायचे. मी मागं, पावलं मोजून घरच्या रजिस्टरात नोंदवायला. शंभर पावलं झाली की एक चिंचोका उजव्या मुठीतून डाव्या मुठीत. एक चिंचोका आणि वर साठ पावलं झाली, आणि अप्पा थांबले. शेतकरी काकांच्या बांधावरच्या बाभळीजवळ.

दुसऱ्या दिवशी तिथंच. तिसऱ्या दिवशी तिथंच. हा आजार इतका वक्तशीर असतो हे मला माहीत नव्हतं. बारनिशीतल्या माणसालाच व्हावा असा. मान खाली, नजर जमिनीवर, हात पोटरीला, ओठांनी सेकंद मोजणं चालू. रस्त्याच्या कडेला रोज पहाटे, रोज त्याच एका जागी, एक पायाळू माणूस जमिनीकडं बघत पुटपुटतो आहे. तुम्हीच सांगा, दुष्काळात काय वाटेल बघणाऱ्याला?

आठवड्यानं काका बांधावरून खाली उतरले.

"राम राम, साहेब. इथंच थांबलाव का?"

"नमस्कार. थांबावंच लागतं इथं."

"लागतंय ना?" काकांचे डोळे मोठे झाले.

"लागतं तर! बरोब्बर इथं आलं की खालून कळ येते."

"खालून?"

"खालून वर. आधी बारीक, मग एकदम जोरात."

काकांनी बाभळीचा आधार घेतला. मग अगदी जवळ येऊन, म्हणजे त्यांच्या मते हळू आवाजात, विचारलं, "गोड हाय का?"

अप्पांना वाटलं, साखरेच्या आजाराचं विचारतायत. "नाही, गोड नाही. तपासून घेतलं."

काकांचा चेहरा पडला. क्षणभर विचार केला. मग म्हणाले, "न्हाई तर न्हाई. खारं असलं तरी जनावराला होतंय."

अप्पा वाटभर कोड्यात. "भला माणूस आहे," घरी आल्यावर म्हणाले, "पण माझ्या लघवीतल्या साखरेशी जनावरांचा काय संबंध?"

दुसऱ्या दिवसापासून बाभळीखाली बाज आली. अप्पा थांबले की चहा यायचा. पहिल्या दिवशी तो कान तुटलेल्या कपात आला, आणि काकांच्या हातात दुसरा कप होता, सबंध कानाचा. अप्पांनी आपला कप बघितला, काकांचा बघितला, आणि "चहा सोडलाय" म्हणाले. हे मी हसत लिहिते आहे, अप्पाही हसतच सांगायचे. आमच्या गावी अप्पांची आई विहिरीपासून दहा हात लांब घागर घेऊन उभी राहायची, कुणी वरून ओतेल म्हणून. छप्पन सालानंतर आम्ही बौद्ध झालो, अप्पा शिकले, कारकून झाले, पण कप ओळखायची नजर काही गेली नाही. तिसऱ्या आठवड्यात कपाला कान आला. चौथ्यात बशी आली.

"अजून महिनाभर पाय दुखला," अप्पा आईला म्हणाले, "तर ओसरीवर पाटावर बसवतील बघ."

पण चहाबरोबर बिडीही आली होती. काकांनी दोन्ही हातांनी पुढं केली, काडी ओढून धरली. बावीस दिवस बिडीला न शिवलेले अप्पा त्या जाळाकडं बघत राहिले. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"ही नोंदवू नकोस," म्हणाले.

मी नोंदवली नाही. माझ्या आयुष्यातला तो एकमेव भ्रष्टाचार. आणि मला आजही ती बिडी लखलख आठवते, कारण त्यानंतर दोन दिवस अप्पा एकशेसाठच्या ऐवजी एकशेदहाला थांबले.

सगळं उघडं पडलं ते रेशनच्या रांगेत. एक बाई मला म्हणाल्या, "पोरी, तुजा बाप पायाळू हाय म्हणं? आमच्या वावरातनं बी जरा चालीव की त्याला."

मी घरी पळत आले ती हसतच. दारात हसले, चुलीपाशी हसले, सांगता सांगता पाण्याच्या घागरीवर आदळणार होते. आई हसली. अप्पा हसले नाहीत. त्यांनी बूट काढून कोपऱ्यात ठेवले, नीट, जोडीनं, आणि म्हणाले, "उद्यापासून चालणं बंद."

"काय?"

"बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस मी. आयुष्यभर गंडेदोरे, अंगारे, देवऋषी यांच्यावर भाषणं केली. आणि ह्या वयात मला पाणाडी करतात? माझा पाय ह्या कामाला वापरायचा नाही. राहिला तर राहिला, गेला तर गेला."

आई तेव्हा त्यांचे पाय धूत होती. रोजचा कार्यक्रम. एक तांब्या कोमट पाणी, त्याखाली परात, कारण ते पाणी वाया घालवायची कुणाची टाप नव्हती. परातीतलं पाणी मग दारच्या कढीपत्त्याला जायचं. आख्ख्या गल्लीत तेवढं एक झाड हिरवं होतं. आईनं उजवा पाय टॉवेलात धरला, बेचक्या एकेक करून कोरड्या केल्या, आणि मान वर न करता बोलली.

"भाषण उभं राहून करून राहिले ना तुम्ही? की लोळून?"

"उभं राहून."

"मग आधी उभं राहायचं बघा. लोकांना काय समजायचं ते समजू द्या. न्हाई तर सांगा त्यांना खरं काय ते. तोंड तर चांगलं चालून राहिलं तुमचं, तिथं कुठं नस बंद हाय?"

 सकाळी सहाला बूट पायांत होते.

आणि मग सुरू झाली व्याख्यानमाला. अप्पा थांबायचे आणि कळ जाईपर्यंतच्या तीन मिनिटांत समोर जो असेल त्याला रक्ताभिसरण समजावून सांगायचे. "हे पाण्याचं नाही. हे रक्ताचं आहे. मी पायाळू नाही, मी पेशंट आहे." हंडे घेतलेल्या बाया थांबायच्या, दूधवाला सायकल टेकवायचा. अप्पा जमिनीवर काठीनं मोठी नळी काढायचे, तिच्यात बोळा काढायचे, मग बाजूनं फुटणाऱ्या बारीक नसा. अप्रतिम चित्र. जमिनीवर काढलेलं. खाली पाण्याचे झरे कसे वाहतात त्याचं ते हुबेहूब चित्र आहे, असं सगळ्यांचं मत पडलं. काकांनी तर त्याच्याभोवती दगड मांडून ठेवले, पुसू नये म्हणून.

आठ दिवसांत बोअरचं यंत्र आलं. अप्पांनी हात जोडले, लेखी देतो म्हणाले. काकांनी ऐकलं नाही, म्हणजे खरोखरच ऐकू आलं नाही, यंत्राचा आवाज फार होता. दोनशे फूट गेले. पांढरी भुकटी उडत राहिली, बाभळ पांढरी झाली, काका पांढरे झाले, अप्पांचा कचेरीचा सदरा पिठाच्या गिरणीवाल्यासारखा झाला. पाण्याचा थेंब नाही.

अप्पांच्या चेहऱ्यावर मी असा आनंद क्वचित बघितला आहे. दुसऱ्याच्या नुकसानीचा नव्हे, विज्ञानाचा. "बघितलंत? मी काय सांगत होतो?"

काकांनी मिशीवरची भुकटी पुसली. खूप विचार केला. मग म्हणाले, "त्या दिशी तुमी बिडी ओढला होताव. पायाची जाण गेली त्यानं. माजीच चूक झाली, मीच दिलो."

हे ते नेहमीच्या आवाजात म्हणाले. नेहमीच्या म्हणजे घरापर्यंत ऐकू जाईल अशा. आणि आई, जी बोअर बघायला डोक्यावर पदर घेऊन आली होती, ती अप्पांच्या मागंच उभी होती.

"कुठली बिडी?" आई म्हणाली.

इथं मी पडदा टाकते. जे झालं ते घरगुती होतं.

पण गंमत पुढंच आहे. त्या दिवसापासून मुरुडच्या रस्त्यावर अप्पांना बिडी मिळणं बंद झालं. काकांनी फर्मानच काढलं होतं: जोवर साहेबाचा पाय नीट होत न्हाई तोवर पाणी लागत न्हाई, आन् जोवर बिडी हाय तोवर पाय नीट होत न्हाई. पानटपरीवाला अप्पांना बघितलं की बिडीच्या बंडलांवर रुमाल टाकायचा. एकदा अप्पांनी कचेरीच्या शिपायाकडून एक मिळवली, तर दूधवाल्यानं ती सायकलवरूनच काढून घेतली आणि न थांबता गेला. माणूस बिडी सोडतो ते इच्छाशक्तीनं, असं लोक सांगतात. आमच्या अप्पांची बिडी एका आख्ख्या रस्त्यानं सोडवली, आणि तीही संपूर्ण चुकीच्या कारणासाठी. ह्याचा अप्पांना इतका राग यायचा! "मी डॉक्टरांच्या सांगण्यावरून सोडली आहे," ते ज्याला त्याला बजावायचे. लोक मान डोलवायचे. पाय डोलवू नका म्हणजे झालं, असा त्यांचा भाव.

आणि चिंचोके वाढायला लागले. दोन. अडीच. अप्पा बाभळीच्या पुढं गेले त्या दिवशी काका मागून धावले, "साहेब, हितं, हितं थांबा की! पुढं माझ्या चुलतभावाचं हाय!" अप्पांच्या पोटरीला भावकी कळत नव्हती. ती चुलतभावाच्या हद्दीत दुखली. त्या घरी पेढे वाटल्याचं ऐकलं. चार चिंचोके झाले तेव्हा चुलतभावाचीही हद्द मागं पडली आणि दोन्ही घरं एकाच दिवशी सुतकात गेली.

मला वाटलं, जिंकलो. पण डॉक्टरांनी तीन महिन्यांनी पुन्हा पावलावर बोटं ठेवली, डोळे मिटले, आणि मान हललीच नाही. नस लागत नव्हती. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली: नांदेड.

त्या आठवड्यात आमच्या घरात कुणी विनोद केला नाही. एक अप्पांनीच केला. बूट पुसता पुसता म्हणाले, "काय गं, एकच बूट विकत मिळतो का?" आणि आमच्याकडं बघत राहिले, आम्ही हसू म्हणून. आई उठून आत गेली.

नांदेडला निघालो त्या सकाळी बसस्टँडवर काका हजर. धुतलेलं धोतर, डोक्याला फेटा, हातात पिशवी.

"तुम्ही कुठं?" अप्पांनी विचारलं.

"पायासंगं."

अहमदपूर गेलं, लोहा गेलं. काका शेजारी बसून अप्पांच्या बुटाकडं बघत होते, एसटीच्या गर्दीत कुणी त्यावर पाय ठेवला तर त्याला हाताला धरून बाजूला करत होते. दवाखान्यात तर आमच्या आधी तेच आत शिरले.

"साहेब, काय बी करा, पण हा पाय तोडू नका!"

मोठे डॉक्टर दचकले. "तुम्ही कोण? पेशंटचे भाऊ?"

"शेजारी. आमच्या सगळ्यांची आशा त्या पायावर हाय."

डॉक्टरांनी अप्पांकडं बघितलं. अप्पांनी छताकडं बघितलं.

डॉक्टर कमी बोलणारे होते. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि बाहेरच्या लांब व्हरांड्याकडं बोट केलं. "चाला. दुखलं की थांबा. मी बघतो."

अप्पा चालायला लागले. त्या टोकाला जायचं, वळायचं, यायचं. मी चिंचोके काढले. एक. दोन. तीन. बाकावरचे पेशंट पाय आत घ्यायला लागले. चार. पाच. डॉक्टर उभे राहून कंटाळले आणि दुसरा पेशंट बघायला आत गेले. सहा. आईनं पदराचं टोक दातात धरलं होतं. हल्ली रोज सात चिंचोक्यांच्या आसपास कळ यायची. सात. अप्पांची मान किंचित खाली गेली, काका बाकावरून अर्धे उठले, पण पाय थांबला नाही. आठ. आता अप्पांच्या चालण्यात ऐट आली, ते वळताना टाच फिरवायला लागले, जणू पंधरा ऑगस्टचं संचलन आहे. नऊ. दहा. माझे चिंचोके संपले! मी उरलेलं बोटांवर मोजलं.

"पुरे, पुरे!" डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले. "बसा."

त्यांनी बूट-मोजे काढले. पावलावर बोटं ठेवली. डोळे मिटले.

"नस अजून लागत नाही," ते म्हणाले.

आईचा हात माझ्या दंडावर रुतला.

"लागणारही नाही. मोठी नळी बंदच आहे, ती बंद राहील." मग त्यांनी एक तळहात उजव्या पावलावर ठेवला, दुसरा डाव्यावर, आणि बराच वेळ तसेच बसले. "पण पाय गरम आहे. दोन्ही सारखे. बाजूच्या नसांनी काम उचललंय. हा पाय काढायचं काही कारण मला दिसत नाही. चालणं मात्र जन्मभर. आणि बिडी?"

"बंद!" काका व्हरांडाभर गरजले. "जिम्मेदारी माझी!"

डॉक्टर आत गेले. आई रडत होती आणि हसत होती, दोन्हीची घाई झाल्यामुळं कुठलंच नीट जमत नव्हतं. आणि तेवढ्यात काका व्हरांड्यातल्या पाण्याच्या रांजणाकडं गेले, खळखळून हात धुतले, फेटा काढून बाकावर ठेवला, आणि सगळ्या दवाखान्यासमोर अप्पांच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी अप्पांचा उघडा उजवा पाय धरला. कपाळ जवळजवळ पावलाला टेकलेलं.

व्हरांड्यात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती, काकांनासुद्धा. आमच्या घरात पाया पडणं वर्ज्य. अप्पा पोटच्या पोरीलाही वाकू द्यायचे नाहीत. आणि हा माणूस कोण, त्याच्या घरचे कप कसे, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, आता येणार. चाळीस वर्षं मनात घोटून ठेवलेलं एखादं वाक्य येणार, माणूस माणसाच्या पाया पडत नसतो असं काहीतरी, दगडावर कोरावं असं. अप्पांनी श्वास घेतला. तोंड उघडलं. आणि जोरात ओरडले,

"अहो, हात काढा! बर्फासारखे आहेत तुमचे, आत्ता कुठं गरम झालाय तो!"